हाडं, सोयरीक आणि सातबारा



मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानात त्यांच्या ‘युगान्त’वर बोलावं, अशी संयोजकांची पहिली सूचना होती. त्या पुस्तकावर माझ्याहून अधिकारानं बोलणारे पुष्कळ लोक आहेत, म्हणून मी विषय बदलून मागितला. मानवशास्त्रात एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करून माणूस पुढे काय करतो, हा माझा आजचा विषय आहे. प्रवेशाच्या दिवसांत मुलांबरोबर आईवडील विभागात येतात आणि अर्ज टेबलावर ठेवण्याआधी विचारतात, “सर, हे शिकून नोकरी कुठे?” त्यांनी कर्ज काढून पोराला शहरात ठेवलेलं असतं. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला ‘ज्ञानासाठी ज्ञान’ हे उत्तर देणं मला अन्यायाचं वाटतं. आज समोर असे बरेच आईवडील दिसत आहेत. मी मुख्यतः त्यांच्याशी बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सरकार, इस्पितळ, कंपनी, न्यायालय या सगळ्यांचा कारभार रकान्यांवर चालतो: कुटुंबप्रमुख, जात, व्यवसाय, रुग्ण, ग्राहक. माणसं त्या रकान्यांत नीट बसत नाहीत. कुठे, किती आणि का बसत नाहीत, हे माणसांत राहून शोधणं आणि मग रकाना दुरुस्त करायला लावणं, एवढं एक काम हा विषय शिकवतो. या कामाला पगार देणाऱ्या जागा जगात आहेत. त्या एका इमारतीत, एका पाटीखाली सापडत नाहीत, म्हणून त्या नाहीतच असा समज होतो.

इरावतीबाईंचंच उदाहरण पाहू. त्यांचा जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यानचा. तिथल्या मोठ्या नदीवरून त्यांचं नाव पडलं. सातव्या वर्षी त्या पुण्याला हुजूरपागेत शिकायला आल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढल्या. १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे १९२८ मध्ये एम.ए. केलं आणि प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर लिहिला. त्याच सुमारास त्या पीएच.डी.साठी बर्लिनला निघाल्या. सासरे महर्षी कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांचाही या जाण्याला विरोध होता. पती दिनकरराव मात्र ठामपणे पाठीशी उभे राहिले, आणि जीवराज मेहतांनी कर्ज दिलं. शिक्षणासाठी कर्ज काढणं या विषयाला नवं नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावं.

बर्लिनला कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांना ऑयगेन फिशर हे मार्गदर्शक मिळाले. वंशश्रेष्ठतेच्या विचारांना शास्त्राचा आधार देणाऱ्यांतलं ते एक मोठं नाव. या संस्थेनं पुढे नाझी राजवटीची जी सेवा केली, ती इतिहासात नोंदलेली आहे. फिशर यांचा तर्क असा होता की कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसणं याचा संबंध वंशाशी असावा, आणि गोऱ्या युरोपियांत ही असमानता अधिक असून ती त्यांच्या बुद्धीची खूण असावी. बाईंना हा तर्क तपासायला दिला गेला. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळ्यांतच सापडली, पण वंशाप्रमाणे तिच्यात फरक सापडला नाही. त्यांनी तसं लिहिलं. पंचविशीतली, परदेशातली, उसन्या पैशावर आलेली एक हिंदू मुलगी, आणि समोर संस्थेचा संचालक. फिशर यांनी कमी श्रेणी देऊन प्रबंध स्वीकारला.

विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग सांगतो तेव्हा त्यांना बाईंचं धैर्य भावतं. मला त्याच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं ते त्यामागचं काम. दोन्ही बाजूंची मापं पुन्हा पुन्हा घेणं, ती तक्त्यात भरणं, आपल्याला हवा तो आकडा येईपर्यंत थांबायचा मोह टाळणं. त्या मापांशिवाय ते धैर्य नुसतं मत ठरलं असतं. पीएच.डी. म्हणजे मुळात हेच शिक्षण. गाइडचं म्हणणं आणि तुमची नोंदवही यांत विरोध आला, तर कोणाचं ऐकायचं याचं ते शिक्षण आहे.

आणि परत आल्यावर काय? विषयातली नोकरी तयार नव्हती. १९३१ ते १९३६ त्या ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कारभाराचं काम पाहत होत्या. डेक्कन कॉलेजात त्या १९३९ मध्ये समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या आणि शेवटपर्यंत तिथे राहिल्या. बर्लिनची डॉक्टरेट असलेल्या इरावती कर्व्यांनाही आपल्या खुर्चीपर्यंत पोहोचायला आठ-नऊ वर्षं लागली. पीएच.डी. झाल्या झाल्या प्राध्यापकी मिळाली नाही म्हणून खचलेल्या मुलांना मी हे साल मुद्दाम सांगतो.

आता या विषयात शिकवतात काय? आपल्याकडच्या अभ्यासक्रमात शरीराचा अभ्यास येतो, म्हणजे हाडं, रक्तगट, वाढ, आनुवंशिकता. समाज आणि संस्कृतीचा अभ्यास येतो. प्रागैतिहासिक काळ आणि थोडं भाषाशास्त्रही येतं. यातून आणि क्षेत्रकार्यातून, ज्याला मुलं फील्डवर्क म्हणतात, त्यातून विषय अंगात मुरतो. बाहेरून पाहणाऱ्याला सगळ्यांत निरुपयोगी वाटणारा भाग म्हणजे नातेसंबंध. चुलत, आते, मामे, मावस, आणि त्यांची वंशावळ काढायची. पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ, लग्नाची जोडरेघ, भावंडांची वरची रेघ. पहिल्या वर्षाची मुलं कंटाळतात. त्यांचे पालक वही उघडून पाहतात आणि त्यांना हा पोरखेळ वाटतो.

बाईंचा भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा मोठा ग्रंथ १९५३चा. त्यात त्यांनी देशाचे चार विभाग कल्पिले: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी घरात द्यायची रीत, तर दक्षिणेत जवळच्या नात्यातच सोयरीक. महाराष्ट्र मध्यात पडतो आणि इथे दोन्हींचं मिश्रण दिसतं. म्हणून आपल्या अनेक जातींत मामाची मुलगी चालते, पण बहुतेकांत चुलत्याची चालत नाही. यासाठी त्यांनी संस्कृत ग्रंथांतून आणि जिवंत भाषांतून नात्याचे शब्द गोळा केले, आणि कुठे कोणाशी लग्न होतं हे घराघरांतून विचारलं.

याचा उपयोग काय, तो एका धरणाच्या पाहणीतून सांगतो. गावाचं आणि प्रकल्पाचं नाव सांगत नाही. बुडीत क्षेत्रातल्या एका गावाची प्रकल्पग्रस्तांची यादी आमच्या हाती आली. यादीत एका घरापुढे लिहिलं होतं: कुटुंबसंख्या एक. सातबारा थोरल्या भावाच्या नावावर. आम्ही घरात जाऊन वंशावळ काढली. तीन भाऊ, तीन चुली, दोघांची मुलं लग्नाची. मागच्या पडवीत त्यांची बहीण राहत होती. नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी आली होती आणि भावांच्या शेतात राबत होती. यादीत ती कुठेच नव्हती, कारण सासरच्या गावातून तिचं नाव गेलेलं आणि माहेरच्या कागदावर ते कधी आलेलंच नव्हतं. त्या एका पानावरच्या त्रिकोण-वर्तुळांमुळे तहसील कचेरीत बोलायला आम्हाला आधार मिळाला. नुसतं ‘अन्याय होतोय’ असं सांगून साहेबांनी ऐकलं नसतं. कोण कुणाचा कोण, कोण कुठे जेवतं, कोण कुणाच्या जमिनीत राबतं, हे कागदावर मांडलेलं त्यांना नाकारता आलं नाही.

अशा पाहणीचा पाया महाराष्ट्रात कोणी घातला? कोयनेच्या धरणानं विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी इरावतीबाई आणि त्यांच्या कन्या जाई निंबकर यांनी केली, आणि डेक्कन कॉलेजनं ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. वीज आणि पाणी यांच्या हिशेबात उठलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे त्या माणसांनाच विचारावं, ही कल्पना तेव्हा सरकारी कामात रुळलेली नव्हती. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांची आंदोलनं त्यानंतरही कित्येक वर्षं चालली, म्हणजे पाहणी झाली की न्याय झाला, असं मुळीच नाही. पण पाहणीच झाली नाही, तर मागायचं काय, हेही नीट सांगता येत नाही.

आज या कामाला कायद्याचा आधार आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचं मूल्यांकन सांगितलं आहे. ते तपासणाऱ्या तज्ज्ञगटात दोन बिगरसरकारी समाजशास्त्रज्ञ असावेत, अशी तरतूद आहे. त्याच कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि कुटुंबानं टाकलेल्या स्त्रियांना स्वतंत्र कुटुंब मानलं आहे, आणि प्रत्येक सज्ञान व्यक्तीलाही. पडवीतल्या त्या बहिणीला आज रकाना आहे. तो नीट भरला जातो की नाही, हे पाहायला गावोगाव माणसं लागतात, आणि ती शिकलेली माणसं लागतात. धरणं, रस्ते, खाणी, औद्योगिक क्षेत्रं यांचं प्रमाण पाहता हे काम लवकर संपणारं नाही.

दुसरी दिशा आरोग्याची. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोला पसरला. साथ संपेपर्यंत २८,०००हून अधिक रुग्ण आणि ११,०००हून अधिक मृत्यू झाले. इबोलात मृतदेह अतिशय संसर्गजन्य असतो, आणि त्या भागात मृताला अंघोळ घालणं, स्पर्श करणं हे नात्याचं कर्तव्य. आरोग्यपथकं पांढऱ्या पोशाखात येत, प्रेत पिशवीत घालून नेत. लोक रुग्ण लपवू लागले. गिनीतल्या वोमे गावात सप्टेंबर २०१४ मध्ये जनजागृतीला गेलेल्या पथकातली आठ माणसं मारली गेली. वैद्यकशास्त्राला विषाणू कळला होता. पथकांच्या दफनाला नातेवाइकांचा विरोध का होतो, हे कळलं नव्हतं.

ज्युलियन आनोको या मानवशास्त्रज्ञ तेव्हा गिनीत जागतिक आरोग्य संघटनेसाठी काम करत होत्या. किस्सी समाजातली एक गर्भवती स्त्री इबोलानं गेली. त्यांच्या रीतीप्रमाणे पोटातलं मूल बाहेर काढल्याशिवाय तिला पुरता येत नव्हतं. मुलासकट पुरणं म्हणजे साऱ्या समाजावर अरिष्ट. आणि ती शस्त्रक्रिया म्हणजे करणाऱ्यांच्या जिवाशी खेळ. पथक आणि गाव समोरासमोर अडून बसले. आनोकोंनी गावकऱ्यांना त्यांच्याच परंपरेतली पर्यायी वाट विचारली. नियम मोडावाच लागला, तर त्याचं परिमार्जन कसं करतात? तसा एक विधी होता, आणि तो जाणणारा माणूस शोधून काढला. विधीचा खर्च संघटनेनं उचलला आणि त्या बाईचं दफन सुरक्षितपणे झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघटनेनं ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफना’ची नवी कार्यपद्धती जाहीर केली. ‘तुमची रीत चुकीची’ असं सांगून झालं नसतं ते काम एका प्रश्नानं झालं. असा प्रश्न सुचायला आधी रीतींना आतून तर्क असतो, हे शिकलेलं असावं लागतं. आपल्या मेळघाटात, नंदुरबारात, गडचिरोलीत कुपोषणावर, सिकलसेलवर, बाळंतपणावर काम करणाऱ्या संस्थांना अशीच माणसं हवी असतात, आणि आरोग्य विभागाला ती याहून कितीतरी जास्त हवी आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं उदाहरण कंपनीचं. आईवडिलांना हे सर्वांत अनपेक्षित वाटतं. ल्यूसी सुचमन या बर्कलीच्या मानवशास्त्राच्या विद्यार्थिनीनं झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात पीएच.डी.चं काम केलं. कंपनीचं नवं मोठं कॉपीयंत्र लोकांना वापरता येत नव्हतं. सुचमननी माणसांना जोड्यांनी यंत्रासमोर बसवलं, म्हणजे ती एकमेकांशी मोठ्यानं बोलतील, आणि सगळं चित्रित केलं. त्या चित्रफितीत निष्णात संगणकशास्त्रज्ञही दोन्ही बाजूंच्या प्रती काढताना अडखळलेले दिसतात. लोक अडाणी आहेत, हा कंपनीचा समज तिथेच गळून पडला. यंत्रानं गृहीत धरलं होतं की माणूस आधी बेत करतो आणि मग तो बेत पायरी-पायरीनं पार पाडतो. माणूस प्रत्यक्षात समोर जे घडतंय ते पाहत, चुकत, सावरत पुढे जातो, आणि यंत्राला ते दिसतच नाही. १९८७ मध्ये हे पुस्तकरूपानं आलं. आज मोबाइलवरच्या प्रत्येक पडद्यामागे ‘वापरणारा काय करतो ते जाऊन पाहा’ म्हणणारी माणसं बसलेली असतात; त्यांच्यात मानवशास्त्राचे पदवीधर आहेत. पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत आपली मुलं हे काम ‘यूएक्स रिसर्च’ या नावानं करतात. जाहिरातीत ‘मानवशास्त्रज्ञ पाहिजे’ असं लिहिलेलं नसतं. ते शोधायला मुलांना शिकवणं ही आम्हा शिक्षकांची जबाबदारी आहे आणि ती आम्ही पुरेशी घेत नाही.

चौथी दिशा हाडांची. पंजाबात अमृतसरजवळ अजनाला इथे २०१४ मध्ये एका विहिरीतून मोठ्या संख्येनं मानवी अवशेष निघाले. १८५७च्या उठावात मारलेल्या शिपायांचे ते असावेत, अशी एक समजूत होती. फाळणीच्या कत्तलीतले असावेत, अशी दुसरी. पंजाब विद्यापीठातल्या मानवशास्त्रज्ञांनी ते तपासले. हैदराबादच्या पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्राबरोबर दातांतला डीएनए आणि समस्थानिकं पाहिली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की ही माणसं पंजाबातली नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातली. याचा मेळ २६व्या नेटिव्ह बेंगॉल इन्फंट्रीच्या शिपायांशी बसतो. दीडशेहून अधिक वर्षं विहिरीत पडलेल्या माणसांना त्यांचा मुलूख परत मिळाला. अर्जेंटिनातली लष्करी राजवट १९८३ मध्ये संपल्यावर नाहीशा केलेल्या माणसांचे अवशेष शोधायला अमेरिकेतले क्लाइड स्नो गेले. त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून जे पथक उभं केलं, ते पुढे अनेक देशांत गेलं. आपल्याकडे हे शिक्षण घेतलेल्यांना न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत, आणि पुरातत्त्वही आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं सापडली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आत मूल ठेवलेलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मुलांचं वय, दात, कुपोषण हे सगळं सांगणारे डेक्कन कॉलेजचे शारीर मानवशास्त्रज्ञच होते. बाईंनी स्वतः चाळीसच्या दशकात ह. धी. सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजच्या सांगाड्यांवर काम केलं होतं. त्या वाटेवर आज चालणारे थोडे आहेत आणि अजून लोक हवे आहेत.

सरकारी नोकऱ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण ती माहिती सर्वांना मिळते. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण १९४५ मध्ये स्थापन झालं. मुख्यालय कोलकात्याला, मध्य विभागाचं केंद्र नागपूरला. १९८५ मध्ये कुमार सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी देशातल्या समाजांची पाहणी सुरू केली आणि ४,६३५ समाज नोंदले. याच सर्वेक्षणातल्या मधुमाला चट्टोपाध्याय जानेवारी १९९१ मध्ये उत्तर सेंटिनेल बेटाजवळच्या पाण्यात उभं राहून तिथल्या लोकांना नारळ देणाऱ्या पथकात होत्या. पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, भोपाळला मानव संग्रहालय आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो आणि मुलं तो घेतात. ते चांगलंच आहे. फक्त तेवढ्यासाठी एम.ए.ला येऊ नका; नोट्स विकत मिळतात आणि दोन वर्षं वाचतात.

एक गोष्ट पालकांना आवडणार नाही, पण सांगायला हवी. रकाने दुरुस्त करणारा हा विषय रकाने तयार करूनही मोठा झाला आहे. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी-लांबी मोजून जातींची उतरंड मांडली, आणि १९०१ची जनगणना त्यांच्या हाती होती. १८७१च्या कायद्यानं पारध्यांसारखे कितीतरी समाज जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पोलीस ठाण्यातली ती नजर अजून पुरती गेलेली नाही. अलीकडचं पाहायचं तर २००७ मध्ये अमेरिकी सैन्यानं अफगाणिस्तान आणि इराकमध्ये पलटणींबरोबर समाजशास्त्रज्ञ नेमायला सुरुवात केली. पगार उत्तम होता. त्याच वर्षी अमेरिकन मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारिणीनं या कामाला विरोध जाहीर केला. ज्यांनी तुम्हाला घरात घेतलं त्यांची माहिती बंदूक धरणाऱ्याच्या हाती जाणार असेल, तर ते काम घेऊ नये. मी हे विद्यार्थ्यांना सल्ला म्हणून सांगत नाही, अट म्हणून सांगतो. प्रकल्पाच्या कंपनीकडून पैसे घेऊन पाहणी करतानाही पहिला प्रश्न हाच: अहवाल गावाला वाचायला मिळणार का? मिळणार नसेल तर नाव काढून घ्या.

याच पारध्यांबद्दलचं चांगलं कामही याच विषयानं केलं. कैलास मल्होत्रा हे बाईंचे विद्यार्थी. त्यांनी आणि माधव गाडगीळांनी पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात शिकार करणाऱ्या भटक्या जमाती अभ्यासल्या. फासेपारधी फास लावून हरणं-पक्षी धरत. वैदू मुंगसासारखे लहान प्राणी. नंदीवाले कुत्र्यांच्या साथीनं रानडुक्कर, साळिंदर, घोरपड. एकाच माळावर तिघं, पण शिकार वाटून घेतलेली. ज्यांना कायदा गुन्हेगार म्हणत होता, त्यांच्या जगण्यात निसर्ग टिकवणारी एक व्यवस्था होती, हे १९८३च्या त्यांच्या लेखातून जगापुढे आलं. वन, पर्यावरण, वनहक्क या क्षेत्रांत आज काम करू पाहणाऱ्या मुलांनी तो शोधून वाचावा.

आता पैसा आणि वर्षं. आपल्याकडे पीएच.डी.ला नियमानं किमान तीन, कमाल सहा वर्षं. नेट-जेआरएफ मिळाली तर घर चालतं. नसेल तर फार ओढाताण होते, आणि अशा मुलाला मी आधी दोन वर्षं संस्थेत किंवा प्रकल्पावर नोकरी करून मग यायला सांगतो. त्यात काही बिघडत नाही. बराक ओबामांच्या आई ॲन डनहॅम यांनी जावा बेटावरच्या काजार गावातल्या लोहारांवर अभ्यास केला. मधल्या काळात फोर्ड फाउंडेशन, तिथली सरकारी बँक अशा नोकऱ्या केल्या आणि १९९२ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, हजारावर पानांचा प्रबंध हवाई विद्यापीठाला सादर केला. लोहारांची गरिबी त्यांच्या स्वभावातून आलेली नसून भांडवल न मिळण्यातून आली आहे, असं त्यांनी दाखवलं; आणि नोकरीत त्या छोट्या कर्जांचंच काम करत होत्या. प्रबंध आणि नोकरी एकमेकांच्या आड आली नाहीत.

अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत पीएच.डी.ला शिष्यवृत्ती मिळते, पण सात-आठ वर्षं सहज जातात, आणि प्राध्यापकीच्या जागा तिथेही फार कमी आहेत. जायचं असेल तर अर्जात देशभरच्या आदिवासींविषयी कळवळा लिहू नका. एक गाव, एक बाजार, एक आश्रमशाळा घ्या आणि तिथे तुम्हाला काय कोडं पडलं ते लिहा. बाईंनी शेवटच्या वर्षांत आठवडी बाजारावर हेमलता आचार्यांबरोबर काम केलं. त्याआधी फलटणसारख्या वाढत्या गावाचं केलं. एवढ्याशा जागेत केवढं मावतं, ते त्यातून शिकावं. भाषा शिका. गोंडी, कोरकू, पावरी, माडिया यांतली एक बोलता आली, तर सल्लागार कंपन्यांपासून आरोग्य संस्थांपर्यंत तुमची किंमत वाढते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लोक तुमच्याशी दुभाष्याविना बोलतात. आकडेशास्त्र टाळू नका. ज्याला वंशावळ काढता येते आणि नमुना निवडण्याची पद्धतही कळते, अशा उमेदवाराला मुलाखतीत परत पाठवणं अवघड असतं.

आणि मराठीत लिहा. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’मधले ललित लेख आणि ‘मराठी लोकांची संस्कृती’ हे बाईंनी इंग्रजी शोधनिबंधांच्या बरोबरीनं लिहिलं. पंढरीच्या वाटेवरचा त्यांचा लेख आधी मराठीत आला आणि मग १९६२ मध्ये इंग्रजी नियतकालिकात गेला. ज्यांच्यात राहून लिहिलं त्यांना वाचता येईल अशी एक प्रत हवी. पुनर्वसनाच्या अहवालात तर ती न्यायाचीच बाब आहे.

पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षा आणि जेआरएफची तयारी यांविषयी ज्यांना विचारायचं आहे, त्यांच्यासाठी मी खाली ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहे. पालकांनीही यावं. येताना प्रबंधाचा विषय ठरलेला नसला तरी चालेल. कुठे राहून काम करणार आणि तिथल्या कुणाशी आधी बोलणं झालंय, एवढं सांगितलंत तर तिथून आपल्याला सुरुवात करता येईल.